भिंतमालकाची सही

मिरजेतल्या आमच्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक होती. तिच्यात एक्स-रे फिल्म भरलेल्या असत. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, जुन्या फिल्म किलोवर मिळायच्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या गरम पाण्यात धुऊन काळा थर काढायचे आणि अर्ध्या ब्लेडने त्यावर निशाण्या कापायचे. हात, कमळ, धनुष्यबाण, घड्याळ, पतंग, शिलाई मशीन. निवडणूक लागली की ही स्टेन्सिलं घेऊन ते रात्र रात्र भिंती रंगवत फिरायचे. एरवी दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागचा मजकूर. फ्लेक्स आला आणि चार-पाच वर्षांत हे सगळं काम संपलं. ट्रंक भंगारात गेली.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही दोघं माझ्या धाकट्या बहिणीकडे इंग्लंडला गेलो. अण्णांचं वय चौऱ्याहत्तर. तिकिटं काढतानाच मी ठरवलं होतं, त्यांना राजवाडे नंतर दाखवायचे, आधी बँक्सी दाखवायचा. स्टेन्सिलवर जगभर नाव झालेला, आणि तरीही स्वतःचं नाव लपवून राहिलेला हा भित्तिचित्रकार. त्याच्या कामाचं एक मोठं प्रदर्शन लंडनमध्ये चालू होतं. त्याची परवानगी न घेता भरवलेलं. अण्णा ते कसं बघतील याची मला फार उत्सुकता होती.

दिवस पहिला : रेडिंग

धाकटीचं घर रेडिंगला, लंडनच्या पश्चिमेला. विमानाचा शीण होता, पण अण्णा पहाटे चारलाच उठून बसले होते. नाश्ता झाल्यावर म्हणाले, "चल, जरा पाय मोकळे करू." त्यांना पाय मोकळे करायला नेलं ते थेट तुरुंगाच्या भिंतीपाशी.

रेडिंगचा जुना तुरुंग गावाच्या अगदी मध्यात आहे, पडक्या मठाला लागून. लाल विटांची लांबलचक उंच भिंत. समलैंगिक संबंधांबद्दल शिक्षा झालेला लेखक ऑस्कर वाइल्ड १८९७ पर्यंत इथेच कैदेत होता. मार्च २०२१ मध्ये एका सकाळी लोकांना या भिंतीवर एक कैदी दिसला. चादरींना गाठी मारून केलेल्या दोरावरून तो खाली उतरतोय, आणि दोराच्या टोकाला चादरीऐवजी टाइपरायटर लोंबतोय, त्यातून कागद बाहेर आलेला. दोन आठवडे होतायत तोवर कुणीतरी खालच्या टाइपरायटरवर लाल रंग फासला आणि लंडनच्या रॉबो नावाच्या एका जुन्या ग्राफिटीवाल्याच्या टोळीचं नाव लिहिलं, 'टीम रॉबो'. त्यामागे भांडण होतं. रॉबोने १९८५ मध्ये लंडनच्या कालव्याकाठी एक मोठं नाव रंगवलं होतं. २००९ मध्ये बँक्सीने त्याच्यावरच आपलं चित्र चढवलं. रॉबो २०१४ मध्ये गेला, पण त्याच्या माणसांनी हिशोब सोडला नव्हता.

अण्णा रस्त्याच्या पलीकडून बघत उभे राहिले. चित्राबद्दल काहीच बोलले नाहीत. विचारलं ते एवढंच, "दुसऱ्याच्या कामावर रंगवलं याने?"

"हो."

"मुद्दाम?"

मला उत्तर देता येईना. जुन्या रंगाचा बराच भाग आधीच झाकला गेला होता, असंही म्हणतात. मी तसं सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि पुढे चालायला लागले.

परतताना मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. तुरुंग बंद पडला होता आणि सरकार तो विकायला निघालं होतं. गावाला तिथे कलाकेंद्र हवं होतं. तेव्हा बँक्सीने, हे चित्र ज्या स्टेन्सिलने काढलं ते स्टेन्सिल विकून कोटी पौंड उभे करून देतो, असं कळवलं. ते जमलं नाही. पण अण्णा फुटपाथवर थांबले. "नुसतं कापलेलं स्टेन्सिल? कोटी पौंडाला?" मग बराच वेळ गप्प. त्यांच्या डोळ्यांपुढे आमची ट्रंक आली असणार. मला तरी तीच दिसत होती.

दिवस दुसरा : लंडन

रेडिंगहून पॅडिंग्टन अर्ध्या तासाचं अंतर. प्रदर्शनाची वेळ अकराची घेतली होती. तिकीट वीस पौंडांच्या वर, ज्येष्ठांना थोडी सवलत. दाराशीच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की हे प्रदर्शन कलाकाराच्या अनुमतीशिवाय भरवलं आहे. अशी पाटी या प्रदर्शनांत बहुतेक असतेच. लाज वाटावी अशा ठिकाणी नाही, तर जाहिरातीसारखी, सगळ्यांत वर.

मी वाचून मराठीत सांगितलं. अण्णांना वाटलं माझी काहीतरी चूक होतेय.

"ज्याची चित्रं त्यालाच विचारलं नाही?"

"नाही."

"मग भिंतीवरून काढून आणलीत काय?"

तसं नव्हतं. बँक्सीने २००० नंतरच्या वर्षांत कागदावर स्क्रीन प्रिंट काढून विकले. 'गर्ल विथ बलून', म्हणजे हातातून लाल फुगा सुटलेली मुलगी, हिच्या २००४ च्या आवृत्तीत दीडशे सही केलेल्या आणि सहाशे बिनसहीच्या प्रती होत्या. ज्यांनी तेव्हा घेतल्या ते आज श्रीमंत आहेत. असे मालक आपापले प्रिंट आयोजकांना देतात, आयोजक ते टांगून तिकीट लावतात. घेतलेलं चित्र टांगायला कायद्याची आडकाठी नाही. काही ठिकाणी तर मूळ प्रिंटही नसतात, नव्याने रंगवलेल्या प्रतिकृतीच असतात. बँक्सीच्या बाजूने काम बघणारी 'पेस्ट कंट्रोल' नावाची कचेरी आहे. खरं काम कोणतं याचा दाखला तीच देते. तिने स्पष्ट सांगितलं आहे, की अलीकडे निघालेल्या या प्रदर्शनांपैकी एकालाही कलाकाराची संमती नाही. मिलानमधल्या अशाच एका प्रदर्शनावरून प्रकरण कोर्टात गेलं. २०१९ मध्ये कोर्टाने प्रदर्शन चालू ठेवायला दिलं, पण बँक्सीच्या नावाचा माल विकायला मनाई केली. आणि जोरात लढायचं तर त्याला पुढे येऊन 'मी तो' म्हणावं लागेल. त्याचं आजवरचं सगळं काम तर नाव लपवण्यावर उभं आहे.

हे सगळं मी रांगेत उभ्या उभ्या सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि आत गेले.

पहिल्याच दालनात विटांची भिंत होती. अण्णांनी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केलं. आवाज पोकळ आला. प्लायवुडवर साच्यात ओतलेल्या विटा, वर धुराचे डाग रंगवलेले, कोपऱ्यात खोटी कचरापेटी. "काम स्वच्छ केलंय," ते म्हणाले. कारागिराचं काम बघून ते नेहमी आधी हेच म्हणतात. मग म्हणाले, "पण भिंत खोटी आहे."

पुढचा दीड तास मी चित्रांपेक्षा अण्णांनाच जास्त बघत होते. ते चित्राच्या मध्यावर बघतच नव्हते, कडा बघत होते. स्प्रेने मारलं की स्टेन्सिलच्या कडेला रंगाची बारीक धूळ बसते, फिल्म भिंतीला नीट टेकली नसेल तर कड फुटते. त्यांना तीच धूळ हवी होती. काचेमागच्या एकापाठोपाठ एक कागदांवर ती नव्हती. "हे छापलंय, मारलेलं नाही." लग्नपत्रिकांच्या सीझनला त्यांनी स्क्रीन प्रिंटिंगही केलं आहे, त्यामुळे त्यांना फसवणं अवघड. छपाई उत्तम असल्याचं मात्र त्यांनी मान्य केलं. फुलं फेकणारा तोंड बांधलेला तरुण, बारकोडचे गज मोडून बाहेर पडलेला बिबट्या, राजकन्या डायनाचा चेहरा छापलेल्या खोट्या दहा पौंडांच्या नोटा. यातली एक नोट आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे हे ऐकून ते पुन्हा वाकून बघू लागले.

उंदीर तर जागोजागी. छत्री घेतलेला, ब्रश घेतलेला, पाटी घेतलेला. पॅरिसमध्ये ब्लेक ल रा नावाच्या चित्रकाराने १९८१ पासून स्टेन्सिलने उंदीर रंगवले होते, बँक्सी त्याच्या वाटेवरून आला. अण्णांनी मात्र प्रत्येक उंदराच्या हातात काय आहे ते नीट पाहिलं. "मोदक कुठे नाही," म्हणाले. त्यांनी गणेशोत्सवाच्या कमानींवर किती उंदीर रंगवले असतील त्याला गणती नाही.

एका चित्रासमोर मात्र ते कडा बघायला विसरले. व्हिएतनाममध्ये नापाम बाँबने भाजून रस्त्यावर धावत सुटलेली ती उघडी मुलगी. १९७२ चा तो फोटो त्यांनी तेव्हा वर्तमानपत्रात पाहिला होता. या चित्रात तिचे दोन्ही हात दोघांनी धरले आहेत, एका बाजूला मिकी माऊस, दुसऱ्या बाजूला मॅकडोनाल्डचा विदूषक. दोघं हसतायत, प्रेक्षकांकडे बघून हात हलवतायत. मुलगी तशीच ओरडतेय. अण्णा तिथे किती वेळ होते मी मोजलं नाही. आमच्या मागची माणसं आम्हाला वळसा घालून पुढे जात होती. मला तेव्हा पटलं की हे प्रदर्शन बघायला येऊन आपण चूक केलेली नाही. हा प्रिंट ज्याच्याकडे आहे त्याने तो तिजोरीत ठेवला असता तर अण्णांच्या आणि त्या मुलीच्या भेटीचा योग कधी आला नसता. आणि तरीही या भेटीचे पैसे, चित्र काढणाऱ्याचा नकार असताना, तिसऱ्याच कुणाला मिळाले, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी मनात घेऊनच मी तिथून हलले.

शेवटच्या दालनानंतर दुकान. कॉफीचे मग, टोप्या, फुग्यावाल्या मुलीचे मॅग्नेट. अण्णा तिथे थांबले नाहीत. बाहेर बाकावर बसून त्यांनी पाणी प्यायलं आणि मला एकदम त्यांचा बोर्ड आठवला. गावातल्या एका दुकानाची पाटी त्यांनी चार दिवस बसून लिहिली होती, वळणदार अक्षर, मागे सावली. काही वर्षांनी त्या पाटीचा फोटो काढून कुणीतरी तेच अक्षर फ्लेक्सवर छापलं, तीन दुकानांवर लावलं. अण्णांना कुणी विचारलं नाही. ते भांडले नाहीत, पण त्या रस्त्याने जायचं त्यांनी बंद केलं होतं.

"त्याचं काय म्हणणं आहे यावर? त्या बँक्सीचं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना २०१८ मधली गोष्ट सांगितली. मॉस्कोत असंच एक प्रदर्शन भरलं होतं, तिकीट लावून. कुणीतरी त्याला कळवलं, आणि तो संवाद त्याने स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकला. त्याला त्याचं हसू येत नव्हतं. पण जाहीर निवेदन काढायचं का असं विचारल्यावर तो म्हणाला, की परवानगीशिवाय चित्रं लावल्याची तक्रार करायला मी योग्य माणूस आहे असं वाटत नाही.

अण्णा बाटलीचं झाकण लावायचे थांबले. "खरं बोललाय," म्हणाले. त्यांचा चेहरा गंभीर होता. मला तेव्हा कारण कळलं नाही.

दुपारी वॉटर्लू पुलाजवळ नदीकाठी गेलो. फुग्याची मुलगी इथल्याच एका जिन्याच्या भिंतीवर २००२ मध्ये पहिल्यांदा दिसली होती. तिच्यावर केव्हाच रंग फासला गेला. आता तिथे नुसतं काँक्रीट, आणि वर-खाली करणारी माणसं. याच मुलीची एक प्रत ५ ऑक्टोबर २०१८ रोजी सदबीजच्या लिलावात दहा लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली, आणि हातोडा पडताच चौकटीत लपवलेल्या यंत्राने तिच्या चिंध्या सुरू केल्या. यंत्र अर्ध्यावर अडकलं. तीन वर्षांनी ती अर्धी फाटलेली मुलगी एक कोटी पंच्याऐंशी लाख पौंडांना विकली गेली. ही रक्कम मी अण्णांना रुपयांत करून सांगायला लागले, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. ते जिना बघत होते. "इथे वारा वर जातो," म्हणाले. "फुगा उडणारच." प्रदर्शनातल्या चित्राला जे नव्हतं ते त्यांनी मोकळ्या काँक्रीटसमोर उभं राहून सांगितलं.

तिथून लीक स्ट्रीट. वॉटर्लू स्टेशनच्या पोटातून जाणारा बोगदा. २००८ च्या मे महिन्यात बँक्सीने इथे स्टेन्सिल करणाऱ्यांचा मेळा भरवला होता, आणि तेव्हापासून इथे कुणीही येऊन रंगवावं, पोलीस हटकत नाहीत. आत शिरताच रंगाचा वास घशाला झोंबला. अण्णांनी मात्र तो छातीभर घेतला. भिंती, छत, खांब, जमीन, बोटभर जागा कोरी नाही. कोपऱ्यात रंगाचे थर इतके साचलेत की ते झाडाच्या सालीसारखे निघून येतात.

एक मुलगी जमिनीवर बसून पारदर्शक प्लास्टिकवर स्टेन्सिल कापत होती. अण्णा तिच्याजवळ उकिडवे बसले. गुडघे विसरले. मला म्हणाले, "तिला सांग, आम्ही हे एक्स-रेवर करायचो." मी सांगितलं. तिने ब्लेड खाली ठेवलं आणि हातवारे करत विचारायला लागली. मग अण्णांनी तिच्या वहीत देवनागरी 'व' काढून दाखवला. अक्षराचं पोट कापलं की मधला तुकडा गळून पडतो, म्हणून तिथे एक बारीक पट्टी सोडायची, आणि ती कुठे सोडायची यावर पेंटर ओळखायचा. इंग्रजीत ही अडचण 'ओ'ला येते, 'ए'ला येते. आपल्याकडे व, ब, क, म, ष, कितीतरी अक्षरांना पोट आहे, आणि वर सगळ्यांना बांधून ठेवणारी शिरोरेषा. मुलगी तो 'व' बोटाने गिरवत राहिली.

तिने स्प्रेचा डबा त्यांच्या हातात दिला. काहीतरी लिहा, म्हणाली. मी मोबाइल काढला. वाटलं, लंडनच्या भिंतीवर 'मिरज' दिसणार.

अण्णा डबा घेऊन बोगद्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. "इथे कुणाची सही लागत नाही?" मी म्हटलं, कुणाचीच नाही. "पण कोरी जागा कुठे आहे? सगळीकडे कुणाचं ना कुणाचं आहे." मी म्हणाले, इथे असंच चालतं अण्णा, एकावर एक, उद्या तुमच्यावरही कुणी रंगवेल. मुलीनेही तेच सांगितलं. अण्णांनी डबा तिच्या हातात परत दिला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर उजेडात जाऊन उभे राहिले.

दिवस तिसरा : रेडिंग

पाऊस. अण्णांचे गुडघे दुखत होते. धाकटीने पिठलं-भात केला. नातीने दिवसभर त्यांच्याकडून उंदीर काढून घेतले.

दिवस चौथा : ब्रिस्टल

बँक्सी ब्रिस्टलचा, एवढं तरी सगळे धरून चालतात. ऐंशीच्या दशकात इथल्या बार्टन हिल वस्तीतल्या युवक केंद्राच्या भिंतींवर पोरं ग्राफिटी शिकली, आणि त्या वातावरणातून तो आला. रेडिंगहून गाडीने सव्वा तास लागला.

पहिलं चित्र पार्क स्ट्रीटच्या पुलावरून दिसतं. खालच्या गल्लीतल्या इमारतीच्या भिंतीवर एक खिडकी रंगवलेली. खिडकीत सूट घातलेला नवरा हात डोळ्यांवर धरून लांब बघतोय, मागे अर्धवट कपड्यांतली बायको, आणि खिडकीच्या कडेला एका हाताने लोंबकळणारा नागवा प्रियकर. वडिलांबरोबर हे बघायचं म्हणून मला क्षणभर अवघड झालं होतं. अण्णा मोठ्याने हसले. मग मी सांगितलं की २००६ मध्ये हे काढलं तेव्हा या इमारतीत लैंगिक आरोग्याचा दवाखाना होता. अण्णा पुन्हा हसले, या वेळी वेगळं. "म्हणजे त्याने आधी भिंत वाचली." काल-परवाच्या प्लायवुडच्या विटांपुढे या भिंतीचं वेगळेपण मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. महापालिकेने हे चित्र ठेवायचं की पुसायचं असं लोकांना विचारलं होतं, सत्त्याण्णव टक्के लोकांनी ठेवा म्हणून सांगितलं. कुणीतरी नंतर निळ्या रंगाच्या गोळ्या मारल्या, त्यांचे डाग अजून आहेत.

पुलाखालून वर आलं की जवळच कॉलेज ग्रीन, आणि तिथे राजा राममोहन रॉय यांचा पुतळा. ते १८३३ मध्ये याच शहरात वारले. अण्णांनी चप्पल काढून नमस्कार केला. थंडगार फरशी होती, पण त्यांनी काढली.

चढावर ब्रिस्टलचं म्युझियम. २००९ च्या उन्हाळ्यात बँक्सीने इथे स्वतःचं प्रदर्शन भरवलं. गुपचूप तयारी, म्युझियमच्या मोजक्या माणसांनाच माहीत. प्रवेश फुकट. तीन लाखांवर लोक रांगा लावून बघून गेले. जाताना तो एक पुतळा ठेवून गेला, दगडी देवदूत, डोक्यावर रंगाचा डबा उपडा, खांद्यांवरून ओघळणारा गुलाबी रंग. अण्णा ओघळांपाशी गेले. रंग खरोखर वरून ओतला की ब्रशने ओघळ काढले, हे त्यांना बघायचं होतं. त्यांचा निर्णय झाला, पण त्यांनी तो मला सांगितला नाही.

याच म्युझियमने २०१४ मध्ये एक फळीही सांभाळली होती, आणि ती गोष्ट मला बँक्सीच्या सगळ्या गोष्टींत जास्त आवडते. एका गरीब वस्तीतल्या मुलांच्या क्लबजवळ भिंतीला स्क्रूने ठोकलेल्या फळीवर त्याने एक जोडपं रंगवलं, एकमेकांच्या मिठीत, पण दोघांचीही नजर एकमेकांच्या खांद्यावरून आपापल्या मोबाइलवर. क्लब पैशांअभावी बंद पडायला आला होता. क्लबवाल्यांनी पहारीने फळी उचकटून आत नेली. जागा पालिकेची, तेव्हा चित्र कुणाचं यावर वाद पेटला आणि फळी म्युझियममध्ये आली. शेवटी बँक्सीनेच पत्र लिहून कळवलं, की ती क्लबला मिळावी. चार लाख तीन हजार पौंड आले आणि क्लब वाचला. अण्णांना मी हे म्युझियमच्या पायरीवर बसून सांगितलं. "म्हणजे सही केली त्याने," ते म्हणाले. "उशिरा, पण केली."

दुपारी बंदरावर. एम शेड हे शहराचं संग्रहालय, तेही फुकट. तिथे होडीत बसून वल्हं मारणारा मृत्यू आहे, थेक्ला नावाच्या जहाजाच्या कुशीवर पाण्याच्या रेषेलगत बँक्सीने रंगवलेला. जहाज दुरुस्तीला काढलं तेव्हा तेवढा पत्राच कापून इथे आणला. अण्णांना पहिल्यांदाच त्यांना हवी होती ती धूळ सापडली. काळ्या रंगाची फुटलेली कड, त्याखाली गंज, गंजाखाली जुना रंग. "हे मारलेलं आहे," म्हणाले, आणि मला हात धरून जवळ नेलं. याच इमारतीत गुलामांच्या व्यापारातून गबर झालेल्या कोलस्टनचा पुतळा आडवा ठेवलाय, जून २०२० मध्ये लोकांनी पाडून बंदरात ढकललेला तो. अंगावर निळे-लाल स्प्रे तसेच. संग्रहालयाने तो साफ करून उभा केला नाही याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

एस एस ग्रेट ब्रिटन या जुन्या जहाजाच्या बाजूने गोदीच्या गल्लीत शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. भिंतीवर मोत्याची बाळी घातलेली तरुणी, जुन्या डच चित्रातली, पण बाळीच्या जागी इमारतीचा धोक्याच्या घंटेचा पिवळा डबा. डबा आधीपासून तिथेच होता. तो बघून त्याने मुलगी काढली. २०२० च्या साथीत तिला कुणीतरी निळा मास्कही लावला होता. गल्लीत आम्ही दोघंच. तिकीट नाही, दोरी नाही, पाटी नाही.

अण्णा समोरच्या कठड्यावर बसले आणि बोलायला लागले.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरातली लोकसभा. तेव्हा निवडणूक आयुक्त म्हणून शेषन आले नव्हते, भिंतीसाठी कुणी सही मागत नव्हतं. पुढे कायदा कडक झाल्यावर अण्णांनी भिंतमालकांच्या सह्यांची वही ठेवली, ती मी लहानपणी पाहिली आहे. पण त्या साली रात्री जी भिंत दिसेल ती आपली. एका म्हातारीची रस्त्याकडेची भिंत होती. दिवाळीला तिने स्वतः चुना आणि नीळ घालून पांढरी केलेली, खाली गेरूचा पट्टा, आणि दाराशेजारी बोटांनी काढलेली लक्ष्मीची पावलं, वेल, तुळस. अण्णांना कंदिलाच्या उजेडात ती दिसली होती. "दिसली नाही असं नाही," ते म्हणाले. त्यांनी त्यावरच फिल्म धरली आणि पक्षाची निशाणी मारली. भिंत मोक्याची होती, चौकातून दिसायची.

सकाळी ते राहिलेलं अक्षर पुरं करायला गेले, तर म्हातारी दारात उभी. ती ओरडली नाही. म्हणाली, "पेंटर, विचारलं असतंस तर मी तुला मागची भिंत दिली असती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"पैसे घेतले होते. अक्षर पुरं केलं." ते मोत्याच्या जागच्या पिवळ्या डब्याकडे बघत होते. "दुसऱ्या दिवाळीला चुना घेऊन गेलो. ती राहिली नव्हती."

चाळीस वर्षांत त्यांनी हे आईला तरी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. थोड्या वेळाने आम्ही चिप्स घेतल्या आणि स्टेशनला जायची बस धरली. स्टोक्स क्रॉफ्टमधलं १९९९ चं चित्र, पोलिसांवर पेटती बाटली फेकणारं टेडी अस्वल, बघायचं राहिलं. अण्णा दमले होते आणि मलाही आणखी काही बघायचं नव्हतं.

दिवस पाचवा : रेडिंग

परतीचं विमान रात्रीचं. सकाळी अण्णांनी कॉर्नफ्लेक्सचं रिकामं खोकं मागून घेतलं. एक्स-रे कुठून आणणार? जावईबापूंनी कागद कापायचा कटर दिला. दोन तास डायनिंग टेबलाशी बसून त्यांनी नातीसाठी उंदीर कापला, मागच्या पायांवर उभा, दोन्ही हातांत मोदक. मोदकाच्या कळ्या सुट्या पडू नयेत म्हणून प्रत्येक कळीला केसाएवढी पट्टी सोडलेली. नातीला तो लगेच परसातल्या लाकडी कुंपणावर मारायचा होता. तिच्या शाळेच्या रंगांत काळा होता, स्पंजही होता.

अण्णांनी विचारलं, "कुंपण कुणाचं?"

घर भाड्याचं. धाकटी म्हणाली, अहो अण्णा, कोण बघतंय, पाण्याचा रंग आहे, पावसात जाईल. अण्णांनी स्टेन्सिल सोडलं नाही. शेवटी तिने घरमालकाला मेसेज केला, अण्णांच्या समोर बसून, त्यांनी सांगितलेल्या शब्दांत: चित्र एवढं एवढं, उंची गुडघ्याइतकी, रंग काळा, नको असेल तर तसं सांगा.

नात दर दहा मिनिटांनी फोन बघत होती. आम्ही हीथ्रोला निघालो तोवर उत्तर आलं नव्हतं. स्टेन्सिल अण्णांनी वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या मागे उभं करून ठेवलं.